गाढवं विकायची का राखायची? केनियातल्या एका बचत गटाचं प्रकरण

चीन आणि आफ्रिका म्हटलं की आपल्याकडे चर्चा होते ती रेल्वेची, बंदरांची, कर्जाची, फार तर तांब्या-कोबाल्टच्या खाणींची. हे प्रकरण गाढवांचं आहे. केनियातल्या पाणी वाहणाऱ्या बायकांचा एक बचत गट, त्यांच्या जनावराला २०१६ नंतर एकदम चीनमधलं गिऱ्हाईक मिळालं आणि मग पुढची काही वर्षं त्यांना सारखं ठरवत बसावं लागलं की विकायचं का राखायचं. मी पशुवैद्यक, मूळचा नगर जिल्ह्यातला, तेव्हा त्या भागात जनावरांच्या आरोग्याच्या कामावर होतो, त्यामुळे गटाच्या बऱ्याच बैठकांना कोपऱ्यात बसलेलो असायचो. गावाचं, माणसांचं, कत्तलखान्याचं नाव मुद्दाम देत नाहीये, ओळख पटेल असे तपशील थोडे बदललेत. सरकारी निर्णय, तारखा आणि देशपातळीवरचे आकडे मात्र आहेत तसेच.

पार्श्वभूमी

नैरोबीहून घाट उतरून रिफ्ट व्हॅलीत आलं की मोठ्या रस्त्याच्या कडेने गावं पसरत गेलीयेत. घरं वाढली, लॉज झाले, हॉटेलं झाली, पण नळाला पाणी नाही, असलं तरी आठवड्यातून एखादवेळ. मग बोअरवेलवरून पिवळे २० लिटरचे कॅन भरायचे आणि घरोघर, हॉटेलात, बांधकामावर पोचवायचे हा धंदा. पाठीवर वाहणारं गाढव एका खेपेला चार कॅन नेतं, गाडा असेल तर बरेच जास्त. या गटात पंधरा-सोळा बायका होत्या, बहुतेक एकट्या कमावणाऱ्या, आणि सगळ्यांची मिळून चाळीसेक गाढवं. बचत गटाला तिकडे चामा म्हणतात, पद्धत आपल्यासारखीच, दर आठवड्याला वर्गणी, पाळीपाळीने उचल, वही खजिनदारीणबाईंकडे.

गाढवाचा भाव तेव्हा चार-पाच हजार शिलिंग. पाण्याचं गिऱ्हाईक बरं असेल तर चारा-पाणी आणि बोअरवेलचे पैसे जाऊन एक गाढव दिवसाला तीनशे-साडेतीनशे शिलिंग मिळवून द्यायचं. म्हणजे पंधरा दिवसात जनावराची किंमत वसूल. एवढं कमावणारं दुसरं कुठलंच जनावर त्या बायकांकडे नव्हतं, आणि तरी त्याला घरात मान शून्य. गाय आजारी पडली की मला फोन यायचा, गाढव आजारी पडलं की ते आपोआप बरं व्हायची वाट बघायचे. यात मला काही नवल वाटलं नाही, आमच्याकडे मढीला कानिफनाथांच्या यात्रेत किंवा जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो, त्या दोन दिवसांपुरतं गाढवाला मोल असतं, एरवी तो शिवी द्यायचा शब्द. भारतातली गाढवं २०१२ च्या पशुगणनेत तीन लाख वीस हजारांच्या आसपास होती, २०१९ ला सव्वा लाखाच्या आत आली, कुणी ओरड केली का? असो.

आता चीनची बाजू. शांतुंग प्रांतात तुंग-अ नावाचा भाग आहे, तिथे गाढवाचं कातडं उकळून, आटवून, वड्या पाडून एजियाओ नावाचं औषध करतात. परंपरा फार जुनी, रक्त वाढायला, बाळंतिणीला, अशक्तपणाला देतात. आक्रोड आणि तीळ घालून त्याच्या खायच्या वड्याही करतात. पूर्वी हे बड्या घरचं काम होतं, पण चीनमध्ये मध्यमवर्ग वाढला, जाहिराती वाढल्या, टीव्हीवरच्या राजवाड्याच्या मालिकांमधून राण्यांच्या हातात ते दिसायला लागलं, आणि मागणी कुठच्या कुठे गेली. त्याच काळात तिथली गाढवं मात्र संपत चालली, कारण शेतात यंत्रं आली. १९९० च्या सुमाराला चीनमध्ये एक कोटी दहा लाख गाढवं होती, ती २०२१ पर्यंत वीस लाखांच्या आसपास आली. जगातली साधारण दोन तृतीयांश गाढवं आफ्रिकेत, त्यामुळे व्यापारी तिकडे वळले हे ओघाने आलंच. १ जानेवारी २०१८ पासून चीनने गाढवाच्या कातड्यावरचं आयात शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणलं, यावरून मागणीचा अंदाज येईल.

पश्चिम आफ्रिकेला याचा फटका आधी बसला. नायजरमधून २०१५ मध्ये २७ हजार गाढवं बाहेर गेली होती, २०१६ च्या पहिल्या नऊ महिन्यांत ८० हजार, मग त्यांनी निर्यात बंदच केली. बुर्किना फासोनेही त्याच वर्षी. केनियाने उलटी दिशा धरली, २०१६ पासून तिथे निर्यातीचे कत्तलखाने सुरू व्हायला लागले, बारिंगोतलं मोगोतियो, नैवाशा, माचाकोस, तुर्काना असे एकूण चार. सगळे परवाना घेऊन, कायदेशीर. सरकारचं म्हणणं होतं की ज्या जनावराला बाजार नव्हता त्याला बाजार मिळतोय, नोकऱ्या येतायत, परकीय चलन येतंय. यातलं काहीच खोटं नव्हतं.

अडचण कशी उभी राहिली

सुरुवातीला सगळे खूश होते. मोटरसायकलवरून दलाल यायचा, म्हातारं लंगडं गाढव असलं तरी रोख मोजायचा. गटातल्या बायकांनी पहिल्या वर्षात सात-आठ थकलेली गाढवं विकली आणि मला आजही वाटतं ते बरोबरच होतं. त्या जनावरांना पुढे कुणी पोसलं नसतं.

मग भाव चढत गेला. आठ हजार, दहा हजार, बारा हजार. आणि दलालाला आता म्हातारं-तरणं असा फरक उरला नव्हता, गाभण गाढवीही चालत होती. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला पाहिजे जी बैठकीत मला दोन-तीनदा सांगावी लागली. गाढवी बारा महिने गाभण राहते, कधी त्याहून जास्त, एका वेळी एकच शिंगरू, आणि ते शिंगरू ओझ्याच्या कामाला यायला तीनेक वर्षं. कोंबड्या-शेळ्यांसारखं हे जनावर लवकर भरून निघत नाही. केनियाच्या शेती आणि पशुधन संशोधन संस्थेने २०१९ मध्ये हिशोब मांडला तो असा होता, एप्रिल २०१६ ते डिसेंबर २०१८ मध्ये ३,०१,९७७ गाढवं कापली गेली, म्हणजे देशातल्या गाढवांच्या १५.४ टक्के. कापायचा वेग वर्षाला ५.१ टक्के आणि वाढायचा वेग १.०४ टक्के. असंच चाललं तर २०२३ पर्यंत गाढवं संपतील असं त्यांनी लिहिलं होतं. २००९ च्या जनगणनेत १८ लाखांच्या वर असलेली गाढवं २०१९ ला १२ लाखांच्या आत आली होती.

गावात हा आकडा कुणाला माहीत नव्हता, त्यांना कळलं ते चोऱ्यांवरून. २०१७ च्या पावसाळ्यानंतर रात्री गाढवं गायब व्हायला लागली. पहिल्यांदा वाटलं सुटून गेली असतील. मग एका सकाळी झुडपांमागे तीन धडं सापडली, कातडं तेवढं सोलून नेलेलं, बाकी तसंच टाकलेलं. त्यातलं एक गटाच्या अध्यक्षबाईंचं. त्या दिवशी बाईंनी कॅन डोक्यावरून वाहिले, आणि दुसऱ्या दिवशी बैठक बोलावली.

काय काय पर्याय होते

बैठक झाडाखाली, आठ-दहा माणसं गावातलीही आली, एक मझे म्हणजे वयाने मोठे गृहस्थ, चीफच्या म्हणजे सरकारने नेमलेल्या स्थानिक अधिकाऱ्याच्या ऑफिसातला एक माणूस. तिथे जे बोलणं झालं ते गोंधळाचंच होतं पण नीट लावलं तर असं.

सगळ्यात जोरात मांडला गेला तो पर्याय होता सगळी गाढवं आत्ताच विकून टाकायची आणि पैसे एकत्र करून बोडा-बोडा म्हणजे भाड्याची मोटरसायकल घ्यायची. तरण्या पोरांना हे फार पटत होतं. तिकडे रस्त्यावर आपल्या पुण्याच्या बजाजची बॉक्सर जिकडे तिकडे, चिनी गाड्या त्याहून स्वस्त. पण बॉक्सर लाख शिलिंगच्या आसपास, म्हणजे आठ-नऊ गाढवांची एक गाडी, आणि चालवणार कोण तर मुलगे किंवा नवरे. खजिनदारीणबाई शांतपणे म्हणाल्या, गाढव माझं ऐकतं, मोटरसायकल माझ्या मुलाचं ऐकेल. त्यावर सगळ्या हसल्या पण मला वाटतं निर्णय खरा तिथेच झाला. गाढव हे बाईच्या हातातलं साधन होतं आणि ते पैशात बदललं की पैसा कुणाच्या हातात जाणार हे प्रत्येकीला माहीत होतं.

दुसरा पर्याय, ज्याने त्याने आपापलं गाढव घराला चिकटून बांधायचं आणि देवाला हात जोडायचे. बऱ्याच जणी हेच करत होत्या. काही जणींनी तर रात्री गाढव घरातच घेतलं होतं.

तिसरा, सगळ्यांनी मिळून एकच वाडा करायचा, काटेरी कुंपण आणि रात्रीची राखण. याला खर्च होता आणि विश्वास लागत होता, कारण वाड्यात रोग आला तर सगळ्यांनाच.

चौथा, तक्रार. पोलीस, चीफ, काऊंटीचं म्हणजे जिल्ह्याचं पशुवैद्यकीय ऑफिस. तक्रार द्यायची तर गाढव आपलंच आहे याचा पुरावा काय? कुणाच्याच गाढवावर खूण नव्हती. गाईला डाग असतो, गाढवाला कोण डागतं.

पाचवा, थेट कत्तलखान्यात जाऊन तिथल्या चिनी साहेबाशी बोलायचं. याला विरोध जास्त होता, तो आपल्याला आत तरी घेईल का, आपलं बोलणं त्याला कळेल का.

आणि सहावा कुणी पर्याय म्हणून मांडला नाही पण हवेत होता. त्याच काळात नैरोबीहून नैवाशाच्या दिशेने रेल्वेमार्गाचं काम चालू होतं, चिनी कर्जातून, चिनी कंपनी करत होती, आणि कामगारांचा कँप गावापासून लांब नव्हता. पोरांचा एक घोळका म्हणत होता की कँपच्या गेटवर जाऊन तमाशा करू, चिन्यांनी आपली गाढवं खाल्ली. यावर अध्यक्षबाईंनी पोरांना जे झापलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुद्दा साधा होता, कँपला पाणी, अंडी, सुकुमा विकी नावाची पालेभाजी कोण पोचवत होतं तर ह्याच बायका. रेल्वेचा इंजिनियर आणि गाढवाच्या कातड्याचा व्यापारी यांचा एकमेकांशी संबंध काय, तर पासपोर्ट एक. आणि चोर तर पक्के इथलेच होते, रात्री झुडपातले रस्ते परक्याला कुठून माहीत असणार.

काय केलं

वाडा केला. चीफच्या ऑफिसने जागा दिली, बाभळीच्या फांद्यांचं कुंपण, दोन राखणदार, एकाला पगार आणि दुसरी जागा सदस्यांच्या घरच्यांनी पाळीपाळीने. प्रत्येक गाढवामागे आठवड्याला ठराविक वर्गणी. मी खुणेचं काम घेतलं, प्रत्येक जनावराच्या कानाला ठरलेल्या जागी काप आणि वहीत रंग, वय, खोड, मालकिणीचं नाव. फोटोही काढले, मोबाईलवर. काम दोन सकाळांत झालं, आणि हे आधी कुणालाच का सुचलं नव्हतं असं वाटून गेलं. पण गाढव चोरीला जाईल ही कल्पनाच आधी हास्यास्पद होती.

मग न विकायचा नियम आला आणि तिथे गट जवळजवळ फुटला. अध्यक्षबाईंचं म्हणणं, कामाचं गाढव विकायचंच नाही, विकलं तर गटातून बाहेर. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, डिसेंबरमध्ये सण, जानेवारीत फी, हातात पैसा नाही, आणि दलाल नेमका तेव्हाच बारा हजार रोख घेऊन दारात उभा. ज्या बाईची दोन मुलं माध्यमिक शाळेत आहेत तिला तुम्ही कुठल्या तोंडाने सांगणार की विकू नको? एक बाई म्हणाली, गाढव पुढच्या महिन्यातही कमावेल हे मला कळतंय, पण शाळा पुढच्या महिन्यापर्यंत मुलाला वर्गात बसू देणार नाही. यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

खजिनदारीणबाईंनी तोड काढली. त्यांनी जमिनीवर काडीने हिशोब मांडला, बारा हजारांना साडेतीनशेने भागलं तर पस्तीस दिवस. म्हणजे दलाल तुम्हाला फक्त पाच आठवड्यांची कमाई देतोय आणि जनावर कायमचं नेतोय, आणि परत घ्यायला गेलात तर आता पंधरा हजारांच्या खाली मिळत नाही. तर गटानेच पाच आठवड्यांची कमाई उसनी द्यायची, गाढव वाड्यातच राहील, पैसे पाण्याच्या कमाईतून फिटतील. व्याज नाममात्र. विकायला बंदी नाही, पण विकायच्या आधी गटाकडे कर्ज मागायचं आणि गटाने नाही म्हटलं तरच दलालाकडे जायचं. हा नियम पहिल्या नियमापेक्षा कितीतरी शहाणपणाचा होता. अर्थात गटाच्या पेटीत एका वेळी तीन-चार जणींना देण्याइतकेच पैसे होते, त्यामुळे जानेवारी २०१८ मध्ये पाच-सहा गाढवं तरीही गेलीच. दोन जणी नंतर गटही सोडून गेल्या, त्यातली एक फुलांच्या शेतावर रोजंदारीला लागली.

कत्तलखान्यातली भेट

पाचवा पर्याय शेवटी वापरला तो वाडा झाल्यावर. दुभाषी म्हणून काऊंटीतली एक मुलगी आली, नैरोबी विद्यापीठातल्या कन्फ्युशियस इन्स्टिट्यूटमध्ये चिनी शिकलेली. ही संस्था २००५ ची, आफ्रिकेतली पहिली, आणि अशा मुलामुलींना चिनी कंपन्यांत नोकरी पटकन मिळते. शिवाय चीनमध्ये शिकायला जाणं आता तिकडे नेहमीचं झालंय, २०१८ मध्ये चीनमध्ये आफ्रिकेतले ८१ हजारांच्या वर विद्यार्थी होते.

खरेदी बघणारा मॅनेजर शांतुंगचाच, चाळिशीतला, धूम्रपान सतत. बायकांना वाटलं होतं गेटवरूनच हाकलतील, पण त्याने आत बसवलं, गरम पाणी आणि चहा दिला. अध्यक्षबाईंनी थेट विचारलं, चोरीचा माल तुम्ही घेता का. मुलीने ते जरा मऊ करून सांगितलं असावं कारण वाक्य चिनीत फारच लांब झालं. त्याचं उत्तर असं होतं की माझ्याकडे जनावर येतं ते पशुवैद्यकीय कागद घेऊन, कागद दलाल आणतो, कागदावर शिक्का तुमच्याच सरकारचा, मग मी कसं ओळखू. त्याच्यावर रोजचा आकडा पुरा करायचा दबाव होता हेही त्याने लपवलं नाही. मग तो स्वतःच्या गावाबद्दल बोलायला लागला, लहानपणी घरोघरी गाढवं होती, जात्याला, गाड्याला, नंतर ट्रॅक्टर आला आणि सगळी गेली. अध्यक्षबाई पटकन म्हणाल्या, मग तुमच्याकडे ट्रॅक्टर आला, आमच्याकडे काय येणार आहे? यावर तो काही बोलला नाही, पण बैठक त्यानंतर कामाची झाली.

ठरलं ते असं. गटाच्या कानाच्या खुणांचा कागद फोटोंसह गेटवरच्या माणसाकडे राहील, त्या खुणेचं जनावर आलं तर थांबवायचं आणि मुलीला वीचॅट या चिनी ॲपवर मेसेज. आमच्या भागातून येणाऱ्या जनावराबरोबर चीफचं पत्र बघायचं. लेखी करार वगैरे काही नाही, शब्दावर.

त्याचा उपयोग झाला का, तर अर्धा झाला. एक गाढव खरंच गेटवर ओळखलं गेलं आणि परत आलं, गावात दोन दिवस त्याचीच चर्चा. पण चोरांनी रस्ता बदलला. जिवंत जनावर गेटवर न्यायचंच नाही, झुडपात कापायचं आणि नुसतं कातडं वेगळ्या वाटेने पुढे ढकलायचं, कातड्याला कान कुठे असतात खुणेला. त्यामुळे वाड्यातली गाढवं वाचली, वाड्याबाहेरच्यांची जातच राहिली. शेजारच्या वस्तीतल्या लोकांना वाटायला लागलं की आमच्या बायकांनी कत्तलखान्याशी साटंलोटं केलंय. हा एक वाईट परिणाम, आणि तो आधी कुणाच्या लक्षात आला नाही.

वरच्या पातळीवर काय चाललं होतं

गावात हे चालू असताना देशभर गाढव मालकांच्या संघटना ओरडत होत्या, मोर्चे निघत होते. इथिओपियात बिशोफ्तूचा कत्तलखाना लोकांच्या संतापामुळे २०१७ मध्येच बंद पडला होता. केनियात २४ फेब्रुवारी २०२० ला तेव्हाचे कृषिमंत्री पीटर मुन्या यांनी गाढवांच्या कत्तलीवर बंदी जाहीर केली. गटातल्या कुणाला खरंच वाटलं नाही, कारण चीनचं इतकं कर्ज असताना आपलं सरकार चिनी धंद्याला नाही म्हणेल असं कोण मानणार.

पण इथे मला जरा वेगळं वाटतं. गाढवाचं कातडं हा चीन सरकारसाठी फार मोठा विषय नव्हताच, तो शांतुंगच्या काही कंपन्यांचा विषय होता. ज्या गोष्टीला बीजिंगमध्ये वजन होतं, म्हणजे रेल्वे, रस्ते, बंदर, त्याला बंदीने धक्का लागत नव्हता. उलट केनियाला चीनच्या बाजारात दुसरंच काहीतरी विकायचं होतं, ॲव्होकॅडो. गोठवलेल्या ॲव्होकॅडोचा करार २०१९ मध्ये झाला, ताज्याचा जानेवारी २०२२ मध्ये, चिनी परराष्ट्रमंत्री वांग यी मोंबासाला आले तेव्हा, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिला माल गेला. मधल्या काळात २०२१ च्या डकारच्या चीन-आफ्रिका परिषदेत शेतमालासाठी झटपट मंजुरीची वाट काढायचं ठरलं होतं. म्हणजे कातड्याला नाही म्हटल्यावर आभाळ कोसळलं नाही. छोट्या देशांना मोठ्या गिऱ्हाइकाला कुठल्या गोष्टीत नाही म्हणता येतं हे ओळखणं हीच मुत्सद्देगिरी असावी, आणि केनियाने ते ओळखायला चार वर्षं घेतली.

मे २०२१ मध्ये हायकोर्टाने ती बंदी रद्द केली, एका कत्तलखान्याच्याच दाव्यावर, आणि गावात पुन्हा घबराट. एकट्या देशाची बंदी पुरत नाही हे तोवर सगळीकडेच दिसत होतं, एका देशाने दार लावलं की जनावर सीमा ओलांडून शेजारी जायचं. टांझानियाने २०२२ मध्ये बंदी केली, डिसेंबरात दार एस सलामला सगळ्या खंडाची परिषद भरली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आदिस अबाबाच्या शिखर बैठकीत आफ्रिकन युनियनने कातड्यासाठी गाढवं कापायला पंधरा वर्षांची खंडभर मनाई केली. पन्नासावर देशांनी एकत्र येऊन चीनला मिळणाऱ्या एखाद्या मालाला नाही म्हणणं ही साधी गोष्ट नाही, तिची म्हणावी तशी बातमी झाली नाही, गाढव होतं म्हणून असेल.

निकाल

२०२० च्या बंदीच्या वेळी गटाकडे वीसेक गाढवं उरली होती, म्हणजे निम्मी. आजूबाजूच्या वस्त्यांत त्याहून वाईट, काही ठिकाणी पाण्याचा गाडा माणसंच ओढत होती. बंदी आली, पाठोपाठ कोरोना आला, हात धुवायला पाणी हवं म्हणून मागणी वाढली आणि ज्यांच्याकडे गाढव शिल्लक होतं त्यांनी त्या वर्षी खरंच चार पैसे केले. जानेवारी २०१८ मध्ये विकलेल्या बायका तेव्हा दुसऱ्याचं गाढव भाड्याने घेत होत्या, दिवसाच्या कमाईतला मोठा वाटा मालकिणीला. कुणी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण बैठकीत कळायचं.

गाढवाचा भाव बंदीनंतर थोडा उतरला पण जुन्या चार-पाच हजारांवर काही परत गेला नाही. कत्तलखान्यात काम करणारी गावातली काही पोरं बेकार झाली हेही नोंदवलं पाहिजे, त्यांच्यासाठी ती पगाराची पहिली नोकरी होती. दुभाषी मुलगी रेल्वेच्या कामावर गेली. मॅनेजर मायदेशी परतला, मुलीला अधूनमधून त्याचे मेसेज येतात म्हणे.

वाडा अजून आहे. कर्जाचा नियमही.

वेगळं काय करता आलं असतं

खुणा आणि वही हे काम २०१६ मध्ये, पहिला दलाल आला तेव्हाच करायला हवं होतं. खर्च जवळपास नव्हता, आणि मालकीचा पुरावा हातात असता तर पोलीस तक्रारीचा चौथा पर्याय इतक्या लवकर बाद झाला नसता. जिथे जिथे अचानक बाहेरचं गिऱ्हाईक येतं, मग ते कातडं असो की चंदन की समुद्री काकडी, तिथे आधी आपल्याकडे काय आणि किती आहे याची यादी, मग भावाची बोलणी.

फीच्या कर्जाची वेळ चुकली. पैसा जानेवारीत लागतो हे दरवर्षीचं आहे, मग पेटी नोव्हेंबरपासूनच भरायला हवी होती, तेव्हा पाण्याचं गिऱ्हाईकही बरं असतं. गटाने पुढच्या वर्षापासून तसं केलं आणि त्या जानेवारीत एकही गाढव गेलं नाही.

वाडा फक्त सदस्यांसाठी ठेवला हे मला आजही पटत नाही. अध्यक्षबाईंचं मत वेगळं आहे, त्या म्हणतात वर्गणी न देणाऱ्याचं जनावर आत घेतलं असतं तर वाडा सहा महिन्यांत मोडला असता. असेलही. पण निदान कानाच्या खुणा सगळ्या वस्तीच्या जनावरांना करून द्यायला हरकत नव्हती, त्याने शेजाऱ्यांचा संशयही आला नसता आणि गेटवरची यादी मोठी झाली असती.

कत्तलखान्यात जायला इतका उशीर का झाला, तर भीती. आत गेल्यावर समोर बसलेला माणूस ऐकणारा निघाला, हे नशीब म्हणू, दुसरा असता तर दारातूनच परत पाठवलं असतं. पण शब्दावर न थांबता काऊंटीच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला तिसरा पक्ष म्हणून सोबत नेलं असतं तर कातड्यांच्या आडवाटेवर काहीतरी पकड बसली असती, कारण कातडं वाहून नेण्याचा परवाना त्याच ऑफिसातून निघतो.

गाभण गाढव्या वेगळ्या राखायच्या, हे मी सुचवलं होतं आणि ते मान्य व्हायला दोन वर्षं गेली, कारण गाभण गाढवीला शेवटचे तीन-चार महिने ओझं द्यायचं नाही म्हणजे तेवढी कमाई बंद. आता गट त्या मालकिणीला त्या महिन्यांचे थोडे पैसे पेटीतून देतो आणि शिंगरू मोठं होऊन कामाला लागलं की त्याच्या पहिल्या वर्षाच्या कमाईतून ते वळते होतात. सध्या वाड्यात चार शिंगरं आहेत.